बँडचा चेहरा, विद्यार्थ्यांचा कॅमेरा

पावसाळा सरलेला असतो, परीक्षा अजून लांब असतात, अशा दिवसांत नवी मुंबईत खारघर, बेलापूर, नेरूळच्या महाविद्यालयांत एक ओळखीची लगबग सुरू होते. कुणाचा तरी बँड असतो, त्याची स्वतःची दोन-तीन गाणी असतात आणि वर्गातल्या चार-पाच जणांना त्यातल्या एका गाण्याचा व्हिडिओ करायचा असतो. कधी गुणांसाठी, कधी निव्वळ हौसेपोटी. कॅमेरा, संकलन, वेशभूषा शिकणाऱ्या मुलांची या शहरात वानवा नाही. मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी हा माध्यमांचा अभ्यासक्रम आहे, निफ्ट या फॅशन संस्थेचे मुंबई केंद्र खारघरलाच आहे, आणि केंब्रिजच्या ए-लेव्हल ‘मीडिया स्टडीज’मध्ये तर बँडसाठी म्युझिक व्हिडिओ, अल्बमचे वेष्टन आणि समाजमाध्यमावरचे पान असा एकत्रित प्रकल्पच निवडता येतो. तेव्हा असे व्हिडिओ होणार, आणि व्हावेतही. मतभेद आहेत ते दोन मुद्द्यांवर: चित्रीकरणाआधी किती गोष्टी ठरवून ठेवाव्यात, आणि बँडने पडद्यावर कसे दिसावे हे कोणी ठरवावे.

हे दोन्ही मुद्दे बहुधा एकाच दमात बोलले जातात. ‘प्लॅनिंग झालं का?’ या प्रश्नात वेळापत्रकही येते आणि ड्रमरने कोणता शर्ट घालायचा तेही. निम्मा गोंधळ इथेच होतो.

फारसे ठरवू नये असे म्हणणाऱ्यांकडे एक सज्जड उदाहरण आहे. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत!’ हे गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याच आयपॅडवर आपल्या वस्तीत त्याचा व्हिडिओ चित्रित केला. मागे ना स्टुडिओ होता ना कंपनी. पुढच्याच वर्षी रॅपर डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आले आणि २०१९ मध्ये या दोघांच्या वाटचालीवरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट. ‘आफत!’मधली धग मूडबोर्ड लावून आली नसती, असे कुणी म्हणाले तर ते खोडून काढणे अवघड आहे. विद्यार्थ्यांकडे पैसा नसतो, पण अंगात रग असते. ती कागदावर आणताना विझते, असा हा युक्तिवाद आहे आणि तो निरर्थक नाही.

दुसरीकडे, सहज वाटणारी प्रत्येक गोष्ट सहज घडलेली नसते. अमेरिकेतल्या ओके गो या बँडचा २००६ मधला ट्रेडमिलवरचा व्हिडिओ पाहा. चौघे जण आठ ट्रेडमिलवर नाचतात, कॅमेरा एका जागी आहे, कट एकही नाही. कपडे रोजचेच वाटावेत असे. पाहणाऱ्याला वाटते, पोरांनी दुपारी मजा म्हणून केले असेल. प्रत्यक्षात गायकाच्या बहिणीने, नृत्यदिग्दर्शक ट्रिश सी हिने, त्याची पावले बसवली होती आणि भरपूर तालमीनंतर, अनेक टेक वाया गेल्यावर तो एक टेक साधला होता. पैसा इथेही फारसा नव्हता. जे होते ते आधीच ठरवलेले होते.

नेझीच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. ती वस्ती त्याची होती. तिथे कॅमेरा काढायला कुणाला विचारावे लागले नसेल, कारण विचारणारा आणि सांगणारा एकाच गल्लीतले. नवी मुंबई मात्र वेगळ्या मुशीतून घडली आहे. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी साठच्या दशकात जुळ्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि तेव्हापासून इथली जवळजवळ प्रत्येक मोकळी जागा कुणाच्या ना कुणाच्या अखत्यारीत आहे: सिडको, महापालिका, रेल्वे, वनखाते. रुंद रस्ते, ओस पडलेले चौक, वाशी-बेलापूरसारखी अजस्र स्थानके पाहून कॅमेरा हातात असलेल्या कुणालाही मोह पडावा. पण स्थानकाची इमारत सिडकोने बांधलेली, त्यात गाड्या मध्य रेल्वेच्या. ट्रायपॉड उघडला की सुरक्षा दलाचा जवान हजर. अटल सेतूवर गाडी थांबवायलाच मनाई आहे. पांडवकड्यावर नेमक्या ज्या दिवसांत धबधबा देखणा असतो त्याच दिवसांत प्रवेशबंदी असते, आणि ती बंदी तिथे गेलेल्या जिवांमुळे आलेली आहे. ड्रोनचे तर विचारूच नये. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू आहे, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. बेलापूर, उलवे, कामोठे, खारघर यांचा मोठा भाग या टापूत येतो.

परवानग्यांचा हा पसारा पाहून ‘गुपचूप जाऊ, दहा मिनिटांत उरकू’ असे मुले म्हणतात. त्यांना सरसकट बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे होईल. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे, पण ती मुख्यतः निर्मिती संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. वीस वर्षांच्या मुलाला सार्वजनिक बागेत गिटार वाजवणाऱ्या मित्राला टिपायचे असेल तर त्याने शुल्क आणि अनामत भरावी का, हा प्रश्न रास्त आहे. मात्र गुपचूप केलेल्या चित्रीकरणाची किंमत नेहमी नियम मोडणाराच देतो असे नाही. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचे उदाहरण घ्या. कोरियांनी ऐंशीच्या दशकात रचलेल्या त्या वसाहतीत सात-सात घरांनी वेढलेली छोटी अंगणे आहेत, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरची. उतरती छपरे, तुळशी, झाडांची सावली; फ्रेम आपोआप सुंदर होते. पण ते अंगण म्हणजे रस्ता नव्हे. ते सात घरांचे सामाईक अंगण आहे, तिथे कुणाचे वाळवण असते, कुणाचे आजारी वडील खुर्ची टाकून बसलेले असतात. त्या अंगणात सकाळी आठ वाजता स्पीकरवर एकच गाणे चाळीस वेळा लावणे म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. एक दिवस आधी जाऊन सातही दारे वाजवणे हेसुद्धा नियोजनच आहे, आणि त्याला शुल्क पडत नाही.

नियोजनाच्या बाजूने सर्वांत ठोस बोलतो तो हिशेब. साडेतीन मिनिटांचे गाणे म्हणजे २१० सेकंद. दर तीन सेकंदांना एक कट धरला तर ७० शॉट लागतात. प्रत्येकाचे तीन टेक आणि प्रत्येक टेकला मांडणीसकट दोनच मिनिटे धरली, तरी सात तास झाले. हिवाळ्यात इथे उजेड साधारण अकरा तास मिळतो, त्यातली दुपारची वेळ डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडणारी. त्यात बेसिस्टला तीनला लेक्चर, ड्रमचा संच सहाला परत करायचा. शॉटची यादी हाती नसेल तर पहिल्या कडव्याचे वीस टेक होतात आणि शेवटच्या कडव्याला एकही नाही.

काही गोष्टी तर आदल्या रात्रीच कराव्या लागतात, ऐनवेळी त्यांना उपाय नसतो. म्युझिक व्हिडिओत बँड प्रत्यक्ष वाजवत असला तरी तो आवाज वापरला जात नाही. स्पीकरवर तयार गाणे लावायचे आणि गायकाने त्यावर ओठ हलवायचे. एखादे कडवे संथ गतीत दाखवायचे असेल आणि तरीही ओठ शब्दांशी जुळायला हवे असतील, तर कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवून गाणे दुप्पट वेगाने लावावे लागते आणि गायकाला त्या वेगाने गावे लागते. नंतर २५ फ्रेमच्या गतीने चालवले की चाल मंद होते आणि शब्द जागेवर बसतात. दुप्पट वेगाची ती फाइल कुणी तयार करून आणली नसेल तर संथ गतीचा बेत तिथेच संपला. तसेच ट्यूबलाइटचे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, आणि फोनचा कॅमेरा बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो. मग चित्रीकरणात छोट्या पडद्यावर न जाणवलेले पट्टे संकलनाच्या वेळी चित्रावरून सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की काम भागते. अशी माहिती उत्स्फूर्ततेला मारत नाही. तिच्याशिवाय उत्स्फूर्तपणे टिपलेले चित्र वापरता येत नाही, एवढेच.

तथापि नियोजनाचाही एक आजार आहे, आणि शिक्षणसंस्थांत तो जास्त बळावतो. गुण कागदाला मिळतात. मूडबोर्ड, स्टोरीबोर्ड, प्रेक्षकवर्गाचे विश्लेषण, लोकेशनची रेकी, वेशभूषेची कारणमीमांसा, सगळे फाइलीत नीट लावलेले. परीक्षकालाही मोजमाप करायला काहीतरी हवे असते, त्यामुळे यात कुणाचा दोष काढता येत नाही. पण मूडबोर्डवरची चित्रे सगळे एकाच ठिकाणाहून घेतात: गुलाबी-निळे निऑन, धुराचे डबे, विंटेज मोटार, गच्चीवरची माळदिव्यांची रांग. मग नेरूळचा बँड आणि मेलबर्नचा बँड यांत फरक राहत नाही. आणि कागदावर सगळे इतके पक्के होते की चित्रीकरणाच्या दिवशी खाडीवर अचानक फ्लेमिंगोंचा थवा उतरला तरी कुणी कॅमेरा वळवत नाही, कारण यादीत पुढचा शॉट गिटारच्या खुंटीचा असतो.

आता स्टायलिंग. बँडने कसे दिसावे याचा विचार करणारेच मुळात नको, आहेत तसे उभे राहू द्या, असे मानणारे बरेच आहेत. त्यांना वेशभूषा शिकणारे विद्यार्थी जे उत्तर देतात त्यात तथ्य आहे: काहीच न ठरवणे हीसुद्धा एक निवडच असते, फक्त ती कुणी जबाबदारीने केलेली नसते. चौघेही काळ्या टी-शर्टात आले आणि मागे काळा पडदा असला तर चार तरंगणारी डोकी दिसतात. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरतो. दुपारच्या उन्हात पांढरा कुर्ता नुसता पांढरा ठिपका होतो. छातीवर कंपनीचे मोठे नाव असेल तर व्हिडिओ त्या कंपनीचा वाटतो. सकाळच्या शॉटमध्ये मनगटावर असलेले रबरबँड संध्याकाळच्या शॉटमध्ये गायब, आणि दोन्ही शॉट एकाच कडव्यात. नवी मुंबईच्या दमट हवेत तासाभरात घामाने रंग बदलणारा कपडा कोणता आणि न बदलणारा कोणता, हे सांगणारे कुणीतरी लागतेच. स्टायलिंग म्हणजे नखरे नव्हेत. बरेचसे ते असले व्यावहारिक ज्ञान आहे.

शिवाय इतिहासही त्यांच्या बाजूने आहे. चामड्याची जाकिटे घालून वाजवणाऱ्या बीटल्सना १९६२ मध्ये व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन यांनी सुटाबुटात आणले, आणि तोच चेहरा जगाच्या लक्षात राहिला.

परंतु त्याच गोष्टीचा उत्तरार्धही सांगायला हवा: काही वर्षांतच त्या मंडळींनी ते सूट टाकून दिले. पैसा, प्रसिद्धी आणि पुढचे अनेक व्हिडिओ हाताशी असलेल्या बँडला चेहरा बदलणे परवडते. महाविद्यालयातल्या बँडचा व्हिडिओ बहुधा एकच असतो, आणि पुढची पाच-सात वर्षे कार्यक्रम मिळवताना तोच दाखवायचा असतो. विद्यार्थ्याचा प्रकल्प निकालाबरोबर संपतो. बँडच्या मागे मात्र ते भाड्याचे शेरवानी-जाकीट आणि डोळ्यांभोवतीचे काजळ तसेच राहते. दोघांचे हेतू प्रामाणिक आहेत, पण मुदती वेगळ्या आहेत. विद्यार्थ्याला आपले कौशल्य दिसायला हवे असते, म्हणून तो तीन वेषबदल सुचवतो. बँडला गाणे ऐकू यायला हवे असते, म्हणून त्यांना एकही नको असतो. तटस्थपणे पाहिले तर दोन्ही मागण्या रास्त आहेत.

याच संदर्भात एक नाजूक प्रश्न इथल्या भूमीचा आहे. ज्या गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले ती आगरी-कोळ्यांची: करावे, दिवाळे, सारसोळे, शहाबाज, घणसोली. दिवाळ्याच्या धक्क्यावर होड्या, जाळी, रंगीत दोऱ्या, त्यात कोळी सुरका आणि टोपी घातलेला गिटारवादक ही कल्पना कुणालाही सुचेल, आणि सुचतेही. आक्षेप घेणारे म्हणतात की ज्यांच्या अंगावर हा पोशाख रोजचा किंवा सणाचा आहे त्यांना मागे उभे करून, तो न घालणाऱ्याला पुढे आणणे म्हणजे माणसांना सजावट समजणे. कोल्डप्लेच्या २०१६ मधल्या ‘हिम फॉर द वीकेंड’वर हीच टीका झाली होती: मुंबई परिसरात चित्रित केलेल्या त्या व्हिडिओत साधू, होळीचे रंग आणि पोरे होती, भारत मात्र जुन्या चित्रपोस्टरासारखा होता. त्याच बँडला जानेवारी २०२५ मध्ये ऐकायला नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम तीन रात्री तुडुंब भरले, हेही तितकेच खरे. म्हणजे टीका आणि प्रेम एकाच ठिकाणी नांदू शकते.

उलट बाजूचेही ऐकावे. पोशाख, ठेके, सूर यांना कुंपण घातले तर संगीत उरणारच नाही. आगरी-कोळी गीतांचे व्हिडिओ करणारे स्थानिक कलावंत स्वतः कीबोर्ड, डीजे, झगमगीत लेहेंगे बिनदिक्कत घेतात. हळदीच्या गाण्यात धवल्यापासून रॅपपर्यंत सगळे येते, आणि त्यात त्यांना कुणाची परवानगी लागत नाही, लागूही नये. बँडमध्येच एखादा करावे गावचा मुलगा असेल तर त्याच्या आजीचे लुगडे हा उसना पोशाख नव्हे. आम्हाला इथे सोपी कसोटी पुरेशी वाटते: तो पोशाख ज्यांचा आहे त्यांच्यापैकी कुणी चौकटीत नाव-चेहऱ्यासह आहे का, आणि त्याला ते पटले आहे का. नसेल तर धक्क्यावर जरूर चित्रीकरण करावे, आपल्याच कपड्यांत.

कष्टाचा आणि मालकीचा प्रश्न मात्र कुणी उघडपणे बोलत नाही. मित्रामित्रांत पैशाचा विषय काढणे अवघड वाटते. बँड मानधन देत नाही, विद्यार्थी गाण्याचे पैसे देत नाहीत, वडापाव आणि रिक्षाभाडे ज्याच्या खिशात असेल तो देतो. हा व्यवहार वाईट नाही. दोघांनाही काही ना काही मिळते. पण कॉपीराइट कायदा १९५७ मैत्री ओळखत नाही. चित्रपटाचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत व्हिडिओचाही, निर्माता तो, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली. कुणी मोबदला देऊन करून घेतले नसेल तर व्हिडिओवरचा हक्क सहसा बँडकडे जात नाही, आणि गाण्यावरचा हक्क विद्यार्थ्यांकडे येत नाही. उद्या भांडण झाले तर बँडला व्हिडिओ वापरता येत नाही आणि विद्यार्थ्यांना तो आवाजासकट दाखवता येत नाही. तयार व्हिडिओ मग कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

एवढे सगळे तोलल्यावर आमचा कल असा आहे. वेळ, जागा, परवानगी, ध्वनी आणि तांत्रिक मांडणी यांचे नियोजन कडक असावे. त्यात ‘बघू’ला जागा नको. स्टायलिंग मात्र हलक्या हाताने व्हावे, बँडच्या स्वतःच्या कपाटातून सुरू व्हावे, आणि त्यावर शेवटचा शब्द बँडचा असावा. कॅमेरा कुठे ठेवायचा, काय कापायचे, कोणता टेक घ्यायचा यावर शेवटचा शब्द विद्यार्थ्यांचा. ज्याचा चेहरा त्याला चेहऱ्यावर नकाराधिकार आणि ज्याचे कसब त्याला कसबावर, अशी ही वाटणी. यात स्टायलिस्ट विद्यार्थ्याचे नुकसान होते हे मान्य करायला हवे: त्याची सर्वांत धाडसी कल्पना कधीकधी फेटाळली जाईल, आणि फेटाळलेल्यांत एखादी खरोखर चांगलीही असेल. तरीही व्यवसायात त्याला हेच करायचे आहे. समोरच्या माणसाला तो स्वतः वाटेल असे सजवणे हे त्याला पूर्ण अनोळखी करून टाकण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि गुण त्याचे मिळायला हवेत.

दिवसाच्या वेळापत्रकातला शेवटचा तास मात्र कोरा ठेवावा. यादी संपवून मग हातात फक्त कॅमेरा आणि बँड. फ्लेमिंगो, ट्रकचे दिवे, गायकाचा खराखुरा कंटाळा, जे मिळेल ते. उत्स्फूर्ततेचे समर्थक म्हणतील की एक तास ही भीक झाली. असेल. पण आधीचे सगळे तास नीट गेले तरच हा तास उरतो.

या सगळ्यासाठी चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी एक पानाचा करार पुरे: व्हिडिओ कुणाचा, गाणे कुणाचे, दोघांनी तो कुठे कुठे वापरायचा, कुणाची नावे कोणत्या क्रमाने, खर्च कुणाचा, आणि पेहरावावर नकार देण्याचा हक्क कुणाचा. दोन्ही बाजूंच्या सह्या, एकेक प्रत. महाविद्यालयांनी यात बघ्याची भूमिका सोडावी. चित्रीकरणाच्या विनंतीचे पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राध्यापकाच्या सहीने, वेळेत मिळाले तर महापालिका आणि सिडकोच्या कचेऱ्यांत मुलांचे अर्धे हेलपाटे वाचतील. महापालिकेने आणि सिडकोनेही आपापल्या ताब्यातल्या बागा, चौक आणि विहारांसाठी विद्यार्थ्यांना सकाळच्या ठरावीक वेळात विनाशुल्क परवानगी द्यावी. साधा एक पानी अर्ज आणि ओळखपत्र त्यासाठी पुरेसे आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी हे करता येण्याजोगे आहे.